प्लॅस्टिकचे दात

उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी मागं सरलं की खालचा तडकलेला गाळ आणि काळे धोंडे उघडे पडतात. आमची नात शेफाली दर रविवारी तिथं रिमोटचा ट्रक पळवायची. वरव्याच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्या पगारात पोरीनं कानातलं घेतलं न्हाई, पैंजण घेतले न्हाईत, हा हातभर लांब ट्रक घेतला. मी चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

एका रविवारी तो ट्रक धोंड्यावर चढता चढता कर्रर्र वाजला, घसरला आणि एका पोराच्या चपलेला जाऊन टेकला.

पोरानं वाकून उचलला. कानाशी धरून चाक फिरवलं.

"दात मोडलेत," म्हणाला.

"कुणाचे?"

"गाडीचे. तुमचे शाबूत दिसतात."

शेफाली हसली... आणि मग दात दिसले म्हणून तोंडावर हात ठेवला. हे तिनंच मला सांगितलं, तेही तव्यावरची भाकरी करपवून.

पोराचं नाव स्वरूप. उत्रोलीत घराच्या पडवीतच त्याचं दुकान – मोबाईल आणि असली खेळणी दुरुस्त करायचं. ट्रकच्या पोटात एक दातेरी चाक असतं, त्याला ते गिअर म्हणतात. ते त्यानं नवं बसवून दिलं. पांढरं, प्लॅस्टिकचं. पंधरा दिवसांत मोडलं. परत प्लॅस्टिकचंच बसवलं. तेही मोडलं. तिसऱ्या खेपेलाही तेच. दर खेपेला पोरगी उत्रोलीहून यायची ती गालात हसत, आणि रात्री जेवताना घास हातात धरून बसायची.

"आजी, कारखान्यातले समदे म्हणतात, मेटलचं घे, जन्मभर टिकंल. हा म्हणतो, मेटल मोडत न्हाई खरं, पण चाक धोंड्यात अडकलं की सगळा जोर मोटरवर जातो आणि मोटर जळते. प्लॅस्टिक आपण मोडतं, पण मोटर वाचवतं."

"बरोबरच सांगतोय की मग."

"तेच तर कळत न्हाई. बरोबर सांगतो, तर सांगताना माझ्याकडं का बघत न्हाई?"

"तुझे आजोबा पहिली दोन वर्षं माझ्याशी बैलाकडं बघून बोलायचे."

ती हसली न्हाई. कारण येत्या रविवारी वेल्ह्याचे पाव्हणे तिला बघायला यायचे होते. स्थळात नाव ठेवायला जागा नव्हती. पोरीनं नको म्हटलं नव्हतं, हो बी म्हटलं नव्हतं.

"त्याच्या मनात असंल तर त्यानं बोलावं," एवढंच म्हणाली. "नसंल... तर मी गप पोहे घेऊन बाहेर येते."

मी म्हटलं, मनात काही न्हाई, पोरगं भोळं गिऱ्हाईक बघून हलका माल खपवतंय. गुरुवारी ट्रक पिशवीत घातला, शेफालीला पुढं घातलं आणि उत्रोली गाठली.

स्वरूप चौकात गेला होता. त्याची आई मंगल बाहेर आली.

"कोण पाहिजे?"

"भाटघरहून आलोय. बघायला."

तिनं शेफालीला खालवर बघितलं, पदर सारखा केला. "घर बघायला आलात व्हय, मावशी?"

दुकान घरातच, म्हणून बाई घर म्हणत असंल असं मला वाटलं. "व्हय. डोळ्यांनी बघितल्याबिगर मी कुणावर भरवसा ठेवत न्हाई."

"बरोबर हाय. पोरीचा प्रश्न."

"तीनदा येऊन गेली ही. आता कायमचं काय ते करा म्हणावं."

मंगलचे डोळे भरले. पाट मांडून लगबगीनं आत गेली. प्लॅस्टिकच्या चाकापायी बाई रडते कशाला? माझं डोकंच चालंना.

"आजी," शेफाली कानापर्यंत लाल झाली होती, "तिला वाटलं, तू माझ्यासाठी स्थळ बघायला आलीस."

मी पाटावरनं उठतेय तोवर स्वरूप दारात उभा. तिला बघून जो थांबला, तो उंबऱ्यावरच.

मी ट्रक त्याच्यापुढं ठेवला. "खरं सांग. हिला कुठलं चाक बरं?"

"सपाटीला पळवायची तर प्लॅस्टिक, आजी. धोंड्यावर चढवायची तर मेटल... फक्त दमानं चालवायची."

"आणि ही कुठं चढवते?"

"...धोंड्यावरच."

"मग?"

त्यानं खणातनं कागदाची पुडी काढली. आत पिवळंधमक मेटलचं चाक. "पहिल्याच आठवड्यात आणलंय. पण हे बसवलं असतं तर... त्या परत कशाला आल्या असत्या?"

"मोटर जळते म्हणालास, ते खोटं?"

"खोटं न्हाई. अर्धं सांगितलं."

तेवढ्यात मंगल ताटात कुंकू, नारळ आणि तांदूळ घेऊन आली. आमच्याकडं घर बघायला आलेल्या बाईनं ओटी घेतली की घर पसंत पडलं असं समजतात. मी शेफालीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

"मेटलचं बसवा," ती स्वरूपला म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "मग तुमी यायच्या न्हाईत."

"न्हाईच यायची. आता तुमी यायचं... शनिवारी, आईंना घेऊन. रविवारी दुसरे पाव्हणे येणारेत. त्यांना नको म्हणायला मला कारण पाहिजे."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. हातातलं चाक सुटून पाटाखाली घरंगळत गेलं, तरी बघतच राहिला.

मी पदर पसरला.

"भरा," मंगलला म्हटलं, "आणि तांदूळ जरा सढळ हातानं घाला."