छबूचा जुना प्रोग्राम

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या मावशीच्या घरात घडलं. मंगळवार होता, दुपारचे चार. अंधार नाही, वारा नाही. बाहेर लख्ख ऊन.

मावशीची एकुलती एक मुलगी, आमची छबू. नवव्या वर्षी आजारपणात तिची वाचा गेली. मावशीने तिला कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम आणून दिला. छबू टाइप करायची, मशीन बोलायचं. जरा घोगरा, जरा तुटक आवाज... पण दहा वर्षं त्या घरात तोच छबूचा आवाज होता. "आई, चहात साखर विसरलीस," हेसुद्धा त्याच आवाजात.

गेल्या वर्षी छबू गेली. पाठोपाठ तो कॉम्प्युटरही बंद पडला.

मावशीने दुरुस्तीवाल्याचा पिच्छाच पुरवला. "दादा, बाकी काही नको. तेवढा आवाज परत आणा."

तो नवीन मशीन घेऊन घरी आला. जुन्या डिस्कवरून प्रोग्राम उचलला.

"हा जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलाय, काकू. नव्याला याची भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाष्या बसवतो."

"चालेल ना पण?"

"चालेल की. याला पत्ताही लागणार नाही. हा आपला समजतो, अजून जुन्याच मशीनमध्ये आहोत."

प्रोग्राम उघडला. रिकामी चौकट. कर्सर लुकलुकत होता. दुरुस्तीवाला उठून आपली हत्यारं आवरू लागला. कीबोर्डला कोणाचाच हात नव्हता.

आणि...

"आई."

दुरुस्तीवाल्याने वळून पाहिलं. मावशी कीबोर्डपासून लांब उभी होती.

"आई, ही खोली कुठली?"

"जुनं काहीतरी साठलेलं असेल," दुरुस्तीवाला पुटपुटला. त्याने छबूची साठवलेली वाक्यं वरपासून खालपर्यंत पाहिली.

हे वाक्य त्यात नव्हतं.

"आई, कुठे आहेस?"

"इथे आहे गं. इथेच आहे." मावशी स्क्रीनला चिकटून बोलत होती.

"काकू... याला ऐकू येत नाही. हा फक्त बोलतो. बंद करू का?"

मावशीने त्याचा हात घट्ट धरला. मग एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

मशीनने ते वाचलं. छबूच्या आवाजात.

"मी इथेच आहे, बाळा."

छबू गेली तेव्हाही मावशी रडली नव्हती. त्या दुपारी रडली.

त्यानंतर आठ दिवस मशीनमधून... हूं नाही की चूं नाही.

नवव्या दिवशी मी भेटायला गेलो. मावशी चहा टाकत होती. मी शेजारीच उभा. घरात तिसरं कोणी नव्हतं.

आतून आवाज आला...

"मग मला दिसत का नाहीस?"

मावशी दचकली नाही. तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि आत गेली.

कीबोर्ड वाजू लागला.

ती जे लिहील, ते मशीन आता छबूच्या आवाजात वाचणार होतं. मला ते ऐकवलं नसतं. चपला हातात घेऊनच मी जिना उतरलो.

त्यानंतर तिकडे पाऊल टाकलेलं नाही. फोन करतो. मावशीचे हात हल्ली फार थरथरतात. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय तिला फोन पेलत नाही.

"बरी आहे रे," म्हणते.

आणि मागे... कीबोर्ड वाजत असतो.