आठव्या ढिगाचे दगड

हे घडलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. जे दिसलं आणि जे मोजलं तेवढंच लिहायची मला सवय आहे, आणि इथेही तेवढंच लिहिते.

अशा घटना रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

ठिकाण चौल. रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर महिना.

माझा नवरा गणराज न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. त्याला माशांचा नाद. साधे नाहीत, आफ्रिकेतल्या तळ्यांतले सिक्लिड. निळे, पिवळे, पट्ट्यांचे. आमच्या मागच्या खोलीत पाच फुटांची टाकी आहे.

आठवडाभर ती टाकी मी आणि प्राची बघायचो. प्राची आमची मुलगी. तेव्हा सात वर्षांची.

शेजारच्या येसूबाई प्राचीला शाळेतून आणायच्या आणि मी येईपर्यंत सांभाळायच्या. त्यांचं वय सत्तरीपुढचं. त्या खोलीत मात्र त्या पाऊल टाकत नसत.

"खायाचं न्हाईत तर ठेवलंय कशाला?" त्या दारातूनच म्हणायच्या. "कोंडून घातल्यालं मला बघवत न्हाय."

"आजी, ते शोभेचे आहेत," प्राची सांगायची.

"मंग तुज्या बापाला कोंड त्यात. त्यो बी शोभंचाच हाय. आटवड्यातनं एकदा दिसतो."

या माशांना दगड लागतात. कपारी, भोकं, लपायच्या जागा. प्रत्येक मासा आपलं भोक पकडतो आणि त्यासाठी भांडतो. दिवाळीच्या सुट्टीत गणराज टेम्पो घेऊन गेला आणि दगड भरून आणले. चाळीस दगड. काळे, भोकाभोकांचे, नारळाएवढे.

"कुठून आणलेस?"

"सुरूच्या झाडांपलीकडे पुळणीवर पडले होते. लहान लहान ढीग होते. पोर्तुगीजांच्या वेळचं कुंपण वगैरे असेल. बाजारात असा एक दगड काय भावाने देतात माहितेय?"

आम्ही ते ब्रशने घासले, उकळले, आठ दिवस गोड्या पाण्यात ठेवले आणि मग टाकीत रचले.

त्या दिवसापासून एकही मासा दगडांकडे गेला नाही.

सगळे समोरच्या काचेला चिकटून राहिले. तीस मासे. एवढी भोकं असून एकानेही एक भोक धरलं नाही. फक्त एक पिवळी मादी आत जायची. प्रत्येक भोकाशी थांबायची. आत बघायची... आणि पुढच्या भोकाशी जायची.

मी पाणी तपासलं. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की पाण्यात मीठ असेल तर ते दुधासारखं पांढरं होतं. आमच्या विहिरीचं पाणी जरासं धुरकट झालं. टाकीतलं पाणी पांढरंफेक झालं.

समुद्रावरचे दगड, मीठ सुटणारच. मी सगळं पाणी बदललं. दोन दिवसांनी पुन्हा तपासलं.

पांढरंफेक.

तीनदा बदललं. तिसऱ्यांदा मी पंप बंद करून टाकीपाशी बसले, कुठून काही झिरपतंय का ते बघायला. दुपारचे साडेतीन. घरात मी एकटीच होते.

पंपाचा आवाज थांबला आणि मग...

चुक्. चुक्. चुक्.

अगदी बारीक आवाज. अंगावर पिणाऱ्या मुलाचा असतो तसा. दगडांमधून येत होता, आणि एकाच ठिकाणाहून येत नव्हता.

मी पंप लावून टाकला. हवा सुटते दगडांतून, असं स्वतःला सांगितलं. वहीत मात्र ते लिहिलं नाही.

या माशांची एक गोष्ट सांगायला हवी. यांची मादी अंडी तोंडात ठेवते. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तीन आठवडे ती तोंड उघडत नाही. काही खात नाही. खंगत जाते, पण उघडत नाही.

ती पिवळी मादी अशीच होती. गळा फुगलेला, ओठ मिटलेले. प्राची रोज शाळेतून येऊन कॅलेंडरवर फुली मारायची.

मासे पाळणारे लोक कधी कधी थांबत नाहीत. मादी पकडून तिचं तोंड उघडतात आणि पिल्लं काढून घेतात. दुसरे मासे खायच्या आत पिल्लं वाचतात. पण अठरा दिवस तरी व्हावे लागतात. गणराजला पुढच्या शनिवारी येता येणार नव्हतं. म्हणून त्याने रविवारीच काढायचं ठरवलं.

तो अकरावा दिवस होता.

त्याने हात ओला केला, मादीला वाडग्यावर उलटी धरली आणि काडेपेटीच्या काडीने तिचा खालचा ओठ ओढला. ती झटापट करत होती. शेवटी वाडग्यात पिल्लं पडली. पोटाला पिवळी पिशवी लटकत असलेली, पोहता न येणारी.

"बाबा, ती तयार नव्हती," प्राची म्हणाली.

"होतील गं मोठी."

संध्याकाळपर्यंत सगळी मेली.

प्राची रडली नाही. नुसती टाकीसमोर बसून राहिली. मादी दगडांच्या भोकांतून फिरत होती. शोधत होती, असं मी म्हणणार नाही. फिरत होती.

सोमवारी सकाळी मादीचा गळा पुन्हा फुगला होता.

एका रात्रीत ते होत नाही. होऊच शकत नाही. मी जवळून पाहिलं. ओठ मिटलेले, गळा भरलेला.

मी दुपारी तीनला घरी आले. येसूबाई मागच्या पडवीत सुपारी सोलत होत्या. "पोर आत हाय. लई शांत हाय आज," म्हणाल्या.

प्राची टाकीपाशी स्टुलावर उभी होती. तिचे केस, चेहरा, गणवेशाची कॉलर ओलीचिंब. तिने तोंड पाण्यात बुडवलं होतं.

टाकीत पिवळी मादी पोहत होती. गळा रिकामा. ओठ उघडे.

"प्राची, काय करत होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते... आणि गाल किंचित फुगलेले.

त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी नाही, रात्री नाही, मंगळवारी सकाळी नाही. पाणी नाही, दूध नाही. मी समजावलं, रडले, एकदा थप्पडही मारली. तिने गालावर हात धरला, पण स्वतःसाठी धरल्यासारखा नाही. आत काही दुखावेल, असा.

अलिबागला एका दवाखान्यात दाखल केलं. गणराज रजा टाकून आला. धनुर्वात नाही. जबडा सैल आहे, एक्स-रे स्वच्छ आहे. सलाइन लावलं, नाकातून नळी घातली. तिने नळी दोनदा उपसली. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, मनावर आघात झालाय. मलाही तेच वाटत होतं. वडिलांनी माशाचं तोंड उघडलं ते तिने पाहिलं होतं. इतकं सरळ होतं ते.

पण बुधवारी दुपारी ती झोपलेली असताना मी तिच्या गालाला कान लावला. का लावला ते सांगता येणार नाही...

चुक्. चुक्.

गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "उद्या मुंबईला हलवू. भूल देऊन तोंड उघडून बघतील. हे असं फार दिवस चालणार नाही, मॅडम. तिचं वजन बघा."

मी कपडे आणायला घरी गेले. चारचा सुमार. लाइट गेली होती, पंप बंद होता. आणि मागच्या खोलीच्या दारात येसूबाई उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत, कान टाकीकडे लावून.

"सुचिता," त्या म्हणाल्या, "ही धोंडी कुटनं आनली?"

मी सांगितलं.

त्या खाली बसल्या. 

"तितं दात न आल्याली पोरं ठेवायचे गो. तान्ही पोरं जाळत न्हाईत, पुरतात. वर धोंडं रचायचे, कुत्र्यांनी उकरू नये म्हनून."

"एका मुलावर किती?"

"पाच."

चाळीस. मी भागाकार केला. तो मला करायचा नव्हता.

"माजं बी तितंच हाय," येसूबाई म्हणाल्या. "पन्नास वर्सं झाली. एकवीस दिवसांचं व्हतं. मी अजून जाते कदी कदी. दोन वर्सं झाली, डोल्यांनी लांबचं दिसत न्हाय म्हून गेले न्हाय. कुनी न्हेलं तरी मला कलनार व्हतं काय?"

मी दवाखान्यात परत गेले आणि गणराजला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो चिडला.

"सुचिता, तू सायन्सची बाई ना? पोर मरायला टेकलीय आणि तू दगड परत ठेवायला निघालीस?"

"उद्या भूल देऊन तिचं तोंड उघडतील."

"मग? तेच तर हवंय!"

"अकराव्या दिवशी तू उघडलंस. काय झालं?"

तो मग भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं.

शुक्रवारी सकाळी मी कागदावर सही केली. स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत. डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. त्यांचं चूक नव्हतं. मीही तसंच पाहिलं असतं.

दगड पुन्हा टेम्पोत भरले. प्राची माझ्या मांडीवर होती, हाताला सुई तशीच. तिचं वजनच लागत नव्हतं. मी मनात एकच म्हणत होते, माझी चूक असेल तर हिला मी मारलं.

दुपारचे चार. ओहोटी लागलेली. सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत आठ खळगे दिसत होते. वारा सोडला तर काही आवाज नाही. पक्षीसुद्धा नाही.

येसूबाई हाताने वाळू चाचपत जागा दाखवत गेल्या. "ह्ये चंदरचं. ह्ये नामाच्या सुनंचं." गणराज पाच-पाच दगड रचत गेला. 

पहिला ढीग झाला तेव्हा प्राची माझ्या मांडीवरून उतरली.

चार दिवस उपाशी असलेलं पोर, पण स्वतःहून उतरली. हातापायांवर रांगत ढिगापाशी गेली. तोंड दगडाजवळ नेलं. आणि...

उघडलं.

बाहेर काहीही आलं नाही. मी अगदी जवळ होते, काहीही आलं नाही. फक्त दगडाच्या भोकात पाणी दिसलं. वरपर्यंत भरलेलं. तो दगड क्षणापूर्वी उन्हाने कोरडा होता.

तिने तोंड मिटलं आणि दुसऱ्या ढिगाकडे गेली.

दुसरा. तिसरा. चौथा. प्रत्येक वेळी तिचे गाल थोडे कमी व्हायचे. सातव्यापर्यंत तिचा चेहरा जवळजवळ माझ्या मुलीचा झाला होता.

"ह्यो शेवटचा माजा," येसूबाई म्हणाल्या. त्यांनी ते पाच दगड स्वतः रचले. गणराजला हात लावू दिला नाही.

प्राची वाकली. ओठ उघडायला लागले.

आणि झाडांपलीकडून वाळूवरची गाडी सुरू झाली. पर्यटकांना फिरवायची, चार जाड चाकांची. केवढा तो आवाज! कुणीतरी हसत ओरडत होतं.

प्राची दचकून मागे सरकली. तोंड खाडकन मिटलं.

सिक्लिडची पिल्लं तोंडाबाहेर पडली तरी पहिले काही दिवस आईपासून लांब जात नाहीत. जरा खुट्ट झालं की उलटी धावतात, आणि ती तोंड उघडून त्यांना पुन्हा आत घेते. हे मला त्या क्षणी आठवलं.

गाडी लांब गेली. आम्ही वाट पाहिली. पाच मिनिटं, दहा.

"आई," प्राची म्हणाली, "भूक लागली."

मी तिला छातीशी धरून वेड्यासारखी रडले. गणराज वाळूत बसला. पाणी पाजलं, ती घटाघटा प्यायली. घरी येऊन वाटीभर पेज खाल्ली. माझी मुलगी मला परत मिळाली होती. दुसरं काही मला विचारायचं नव्हतं.

पण येसूबाईंनी विचारलं. वाळूतच. आठव्या ढिगावर हात फिरवून. त्या ढिगाचे दगड कोरडे होते.

"बाय माजे... माजं गेलं काय गो?"

प्राचीने त्यांच्याकडे पाहिलं. "सात गेली," म्हणाली.

"आनि आटवं?"

तिने ओठ मिटले.

टाकी आम्ही काढून टाकली. मासे गणराजने ओळखीच्यांना देऊन टाकले. आम्ही प्राचीला चार वेळा पुळणीवर नेलं, शांत वेळ बघून. ती आठव्या ढिगापाशी वाकते, थांबते, आणि मान हलवते. नाही.

आता वर्ष होत आलं. ती शाळेत जाते, बोलते, भांडते, गाणी म्हणते. वजन भरून आलं आहे. दातांच्या डॉक्टरांना दाखवलं, सगळं नीट आहे म्हणाले.

ती फक्त उजव्या बाजूने चावते.

येसूबाई रोज दुपारी येतात. आता त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. पडवीत प्राचीला मांडीवर घेतात आणि तिच्या डाव्या गालाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात काहीतरी सांगत राहतात. किती तरी वेळ. प्राची हलत नाही.

त्या गालाला ती मला हात लावू देत नाही.

मी त्यांना थांबवायला हवं का, हे मला ठरवता येत नाही. कारण काल मी दाराआड उभी होते. येसूबाई बोलायच्या थांबल्या होत्या, कान लावून बसल्या होत्या...

आणि हसत होत्या.