वाघजाईच्या धारेवरची जुडी

नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी डोंगरधारेच्या टोकाला बसलेल्या वाघजाईपर्यंत पोहोचवायची, एवढीच आमची मोहीम होती. ती पोहोचेपर्यंत वाडीत एकाही घरात नवा तांदूळ शिजत नाही. जुडी नेणाऱ्याने ती वाटेत कुठे ठेवायची नाही, जमिनीला टेकवायचीही नाही. हा मान माझ्या दत्तारामकाकांचा. यंदा त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी मुंबईला मला फोन करून फर्मान सोडलं, "सुहास, दसरा झाला की ये. वाट बघून घे. पुढच्या साली तुला न्यायची हाय."

माझ्या उत्तरासाठी न थांबता फोन बंद! मी मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. उंचीवर मी आयुष्य काढतो, पण चारी बाजूंनी लोखंड असलं तर. उघड्या डोंगरधारेचं नुसतं नाव काढलं तरी मी विषय बदलतो. हे काकांना सांगायचं कसं? त्यांना मुलगा नव्हता, पुतण्या मी एकटा. काकांनंतर नेणारं कोणी नाही म्हणून जुडी खालच्या देवळातच वाहावी, असं वाडीतले काही जण बोलायला लागले होते. वरची वाट आपल्यानंतर गवताखाली जाणार, हा घोर काकांना दिवसरात्र लागला होता.

तिसरी होती सलोनी, काकांची मुलगी, पोलादपूरच्या एका दवाखान्यातली नर्स. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पाण्याच्या बाटल्या खांद्याला लावून ती पहाटेच अंगणात उभी राहिली आणि काकांनी काही विचारायच्या आत चालायला लागली.

कारवीच्या रानातून घामाघूम होऊन वर आलो आणि धार सुरू झाली. काय वर्णावी ती सकाळ! पावसाने आपला पसारा आवरून नेला होता, आणि आभाळ इतकं निळं होतं की मुंबईकराला ते खोटं वाटावं. एका अंगाला दूर खाली कापड्याकडची पिवळी पडलेली खाचरं, दुसऱ्या अंगाला डोंगराला बिलगून चढणारा आंबेनळीचा रस्ता, आणि समोर महाबळेश्वरच्या पठाराची भली थोरली भिंत. उतारभर सोनकी फुलली होती. घारी आमच्या पायांच्याही खाली फिरत होत्या. मी भीती विसरलो. थोडाच वेळ, पण विसरलो खरा.

काका पुढे. उजव्या हातात छातीशी धरलेली जुडी, डाव्या हातात कोयती. कमरेएवढं गवत सपासप कापत ते वाट मोकळी करत होते. या वयात, त्या गुडघ्यांनी! मागे चालताना मला त्यांचा अभिमानही वाटत होता आणि स्वतःची लाजही.

"दमलास काय रे?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"नाय काका," मी धापा टाकत म्हणालो. सलोनी हसली आणि तिने बाटली माझ्या हातात दिली.

धारेच्या मध्यावर वाट पावसात वाहून गेली होती. डावीकडे कातळ, उजवीकडे सुट्या मुरमाचा उतार, आणि उतार संपतो तिथे दरी. दोन्ही हातांनी कातळ धरून सरकायची ती जागा. काकांनी कोयती कमरेला खोवली, पण मोकळा झाला तो एकच हात.

"बाबा, थांबा," सलोनी म्हणाली. "मी आधी बघते."

"दरसाल जातो मी इथनं," काका म्हणाले आणि त्यांनी पाऊल टाकलं.

मुरूम सुटला! काका पोटावर आपटले आणि खाली निघाले. दगड खळखळत दरीत गेले. कारवीचं एक झुडूप हाताला लागलं. डाव्या हाताने त्यांनी ते धरलं. उजवा हात वरच होता. त्यात जुडी!

सलोनी तोवर पालथी पडली होती. "सुहासदादा, माझे पाय धर. काय झालं तरी सोडू नको."

मी धरले. डोळे मिटून धरले, पण धरले.

"बाबा, दुसरा हात द्या."

"त्यात जुडी हाय."

"सोडा ती."

"नाय."

झुडपाच्या मुळाशी माती भेगाळत होती. मी मनातल्या मनात काकांना नको नको ते बोललो. सलोनी मात्र वाद घालत बसली नाही. तिने हात आणखी लांब केला. "मग माझ्याकडं द्या."

काका तिच्याकडे बघत राहिले. "तुला कशाला गो हा भार?"

"द्या आधी."

त्यांनी दिली. दातात धरली असती तर लोंबी उष्टी झाली असती. तिने ती मानेमागे ओढणीच्या गाठीत खोवली आणि दोन्ही हातांनी बापाचं मनगट पकडलं. ओढ! आणखी ओढ! झुडूप मुळासकट निसटलं आणि त्याच क्षणी काकांचं पाऊल कातळावर आलं.

आम्ही काकांना कातळाला टेकवून बसवलं. सलोनीने त्यांचा खांदा चाचपला. हाड शाबूत होतं, हात मात्र वर उचलेना.

"सुहासकडं दे ती," काका जुडीकडे बघत म्हणाले.

"काका, मला नाय जमणार," मी म्हणालो. "उंचीची भीती वाटते मला. या वर्षी नाय, पुढच्या वर्षीही नाय."

मला वाटलं, आता बरसतील. पण त्यांनी फक्त मान हलवली. सलोनी कातळाला बिलगून पलीकडे गेली आणि एकेक करून तिने आम्हाला पार नेलं. तिची पावलं इतकी नेमकी पडत होती की मी दरीकडे न बघता तिच्या टाचांकडेच बघत गेलो.

वाघजाई म्हणजे शेंदूर लावलेली एक शिळा, वर छप्पर म्हणजे आभाळच. सलोनीने जुडी शिळेपुढे ठेवली आणि गाऱ्हाणं घालायला काकांसाठी बाजूला झाली.

काका जागचे हलले नाहीत. "आणली त्यानं बोलायचं असतं," ते म्हणाले.

ती गोंधळली. मग तिने पदर घ्यावा तशी ओढणी डोक्यावर घेऊन हात जोडले. "आई वाघजाई, नवं भात आणलंय. वाडीतल्यांना, मुंबईवाल्यांना, सगळ्यांना सुखात ठेव. बाबांचे गुडघे सांभाळ. ही वाट पुढल्या साली मी मोकळी करीन. गोड मानून घे."

काकांनी डोक्याचं मुंडासं काढलं. जन्मभर तिथे उभं राहून गाऱ्हाणं घातलेला तो माणूस लेकीच्या मागे, गाऱ्हाण्याला होकार देणाऱ्यांच्या जागी उभा राहिला आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."