रतनची चिंधी

वाणगावला मिरचीच्या शेडमध्ये त्या संध्याकाळी सातलाच लाइट गेली. गोण्या भरायच्या राहिल्या होत्या. जिव्याकाका म्हणाले, "मनिष, माझ्या टेम्पोच्या बॅटरीवरून वायर ओढ. एक बल्ब लागला तरी पुरे."

मनिष गेला. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि तो तिथूनच ओरडला, "काका, इथे नटला लाल चिंधी बांधलीय. सोडू काय?"

"हात नको लावू."

"लावला पण. ओली आहे."

संगिता हसली. "नजर लागू नये म्हणून असेल. पण या खटाऱ्याला कोण नजर लावणार?"

एरवी काकांनी तिला लगेच उलट टोमणा दिला असता. त्या दिवशी नाही दिला. बल्ब लागला, मनिष, संगिता, ओंकार आणि मी गोण्यांवर बसलो आणि काका बोलायला लागले. त्यांनी सांगितलं तसंच लिहितो.

चिंचणीचा रतन माझा मित्र. आधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तलासरीच्या बाजूला एका शेठचं छोटं विमान होतं, चार माणसांचं. खासगी धावपट्टी, पत्र्याची शेड आणि ते विमान, एवढंच. रतनचा हात बघून शेठने त्याला तिथे मेकॅनिकच्या हाताखाली घेतलं.

रतनची बोटीवरची एक सवय होती. जो नट उघडा, त्याला लाल चिंधी बांधायची. नट आवळला की मगच चिंधी सोडायची. भर समुद्रात आठवून काय उपयोग? विमानालाही तो तसंच करायचा. चिंधी दिसली म्हणजे काम बाकी आहे.

विमान चालवायचा ऋषभ. डहाणूच्या विनिताबाईंचा एकुलता एक मुलगा. त्यांची चिकूची वाडी आहे. सव्वीस वर्षांचं पोर, पण एवढा पायलट होऊन रतनला मामा म्हणायचा. शेडमध्ये आला की पहिलं हेच विचारायचा, "मामा, चिंध्या सुटल्या ना?"

तारीख सांगतो. ७ डिसेंबर २०१८. शुक्रवार, कार्तिक अमावास्या.

विमानाची सर्व्हिस झाली होती. एकच चिंधी राहिली होती, वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या वायरवर. तेवढ्यात मॅनेजर आला. "शेठचे पाहुणे फोटो काढायला येतायत. ती चिंधी काढ आधी. विमान आहे का मासळीची होडी?" सगळे हसले. रतन ओशाळला. चिंधी सोडून खिशात टाकली. नट मागाहून आवळू म्हणाला.

पाहुणे आले, फोटो झाले, चहा झाला. मग ऋषभ घाईत आला. त्याला भावनगरला जाऊन दिवस मावळायच्या आत परत यायचं होतं. मोबाइल चार्जिंगला लावलेला, तो तिथेच विसरला. पण विचारायला विसरला नाही. "मामा, चिंध्या सुटल्या ना?"

रतनने विमानाकडे बघितलं. लाल असं काहीच दिसत नव्हतं. म्हणाला, "सुटल्या."

खोटं नाही बोलला तो. डोळ्यांनी बघून बोलला.

विमानाचं इंजिन वीज गेली म्हणून बंद पडत नाही. पंखा फिरतच राहतो. पण दिवे जातात, रेडिओ जातो. भावनगरहून निघायला ऋषभला उशीर झाला आणि खाडीवर येईपर्यंत ती वायर सुटली. खाली अंधार. तलासरीची पट्टी दिसेना. कोणाला सांगणार? शेडमधले लोक समजले, पोरगं तिकडेच राहिलं.

साडेसात वाजले होते. रतन चिंचणीला घरी जेवत होता. वरून आवाज आला. एकदा गेला. परत आला. बायको रंभा दारात जाऊन म्हणाली, "अगं बाई, किती खाली फिरतंय! आणि दिवाच नाही त्याला."

रतनचा हात खिशात गेला. चिंधी हाताला लागली.

त्याला सगळं कळलं. ऋषभ लहानपणापासून चिंचणीच्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळलेला. अमावास्येला त्या वेळी ओहोटी पूर्ण असते, वाळू डांबरासारखी घट्ट. पोर किनारा शोधत होता. गल्लीतल्या पोरांच्या दहा मोटरसायकली नेऊन रांगेत दिवे लावले असते तरी उतरला असता. पण कोणीतरी विचारलं असतं, रतन, तुला कसं ठाऊक?

रतन रंभाला म्हणाला, "तू जेव."

दहा मिनिटं तो ताटावर बसून राहिला. आवाज फिरत होता. मग उठला, दारापर्यंत गेला...

आवाज थांबला.

त्या रात्री त्याने चिंधी चुलीत जाळली. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी जाळ्यात पंखाचा तुकडा आला. ऋषभ सापडलाच नाही. कागदावर चूक त्याचीच लागली. अंधारात यायला नको होतं म्हणे. विनिताबाईंनी त्याचा फोटो भिंतीवर लावला नाही. म्हणायच्या, "अशी घाई केली त्याने... मी त्याच्याकडे बघू कशी?"

दुसऱ्या वर्षी कार्तिक अमावास्या मंगळवारी आली, २६ नोव्हेंबरला. रतन मला म्हणाला, "जिव्या, टेम्पो काढ. डहाणूला जायचंय. त्या बाईला सांगायचंय." वाटेत त्याने मला हे सगळं सांगितलं. ती दहा मिनिटंही सांगितली. वाडीच्या फाटकापाशी टेम्पो उभा केला. रतन अर्धा तास आतच बसून राहिला. उतरला नाही. "फिरव," म्हणाला.

चिंचणीला पोचलो तेव्हा साडेसात होत होते. समुद्राच्या बाजूने आवाज आला.

मी म्हटलं, "बोट असेल."

रतन म्हणाला, "बोट वरून जात नाही. टेम्पो वाळूवर घे."

घेतला. हेडलाइट किनाऱ्याच्या लांबीवर सोडले. वाळू चमकत होती. आवाज आमच्याकडे वळला. आभाळात काही नव्हतं. चांदण्या होत्या... आणि मधेच एका जागी चांदण्या नव्हत्या. ती जागा सरकत होती.

रतन वाळूवर धावत सुटला. "ये! ये बाळा, उतर! मामा आहे इथे!"

आवाज खाली आला. अजून खाली. माझ्या केसांना वारा लागला...

आणि हेडलाइट गेले.

दोन्ही.

मी चावी फिरवली. काही नाही.

आवाज आमच्या डोक्यावरून गेला. एकदा फिरला. मग समुद्रावर लांब... लांब...

थांबला.

रतन वाळूवर बसला होता. मी मोबाइलच्या उजेडात बॅटरीची पेटी उघडली. नट ढिला होता. त्या नटला लाल चिंधी. ओली. खाऱ्या पाण्याचा वास. गाठ रतनची, दुहेरी फासाची. तशी गाठ दुसरं कोणी मारत नाही.

रतनने बघितली. म्हणाला, "मी जाळली होती रे."

मी नट आवळला. दिवे लागले. तसेच परत डहाणूला गेलो. विनिताबाईंनी दार उघडलं. रतन उंबऱ्याबाहेर खाली बसला आणि सांगितलं. चिंधी, पाहुणे, नट... सगळं. "ताई, तुमच्या पोराची चूक नव्हती. माझी होती."

बाई आत गेल्या, कपाटातून फोटो काढला, पदराने पुसला आणि भिंतीवर लावला. परत येऊन विचारलं, "तुम्ही चिंचणीचे ना? लोक सांगतात, तो तिथे खूप वेळ फिरत होता. तुम्ही ऐकलात आवाज?"

रतनने माझ्याकडे बघितलं.

"नाही ताई," म्हणाला. "त्या रात्री मी तलासरीला होतो."

बाई म्हणाल्या, "बरं झालं. ऐकला असतात तर तुमच्यानं राहवलं नसतं. काहीतरी केलंच असतंत."

मी बाजूला उभा होतो, पोरांनो. माझं तोंड काही बांधलेलं नव्हतं.

रतन एकवीस साली तापाने गेला. विनिताबाई आहेत अजून. चिकू भरायला मी त्यांच्याच वाडीत जातो. दर वेळी चहा देतात, फोटोखाली बसवतात. दर वेळी ठरवून जातो, आज सांगायचं. आणि चहा पिऊन येतो. बॅटरी दोनदा नवी घातली, तरी...

काका थांबले. ओंकार हळूच म्हणाला, "तरी काय?"

ते उठले आणि गोणी शिवायला सुई शोधू लागले.

मनिष आपला उजवा हात बल्बखाली धरून बघत होता. चिंधीला हात लावल्याला तास झाला असेल. दोनदा त्याने तो पँटला पुसलेला मी बघितला होता. बोटांवरून अजून पाणी उतरत होतं. त्याने एक बोट जिभेला लावलं आणि आमच्याकडे बघितलं.

खारं होतं.