फ्लॉईड लिहीत आहे…

काम तसं किरकोळच होतं. पॉलिन आंटीच्या फोनमधलं जुनं ॲप काढायचं, नवं घालायचं आणि निघायचं. तेवढ्यासाठी ॲनिशा भर दुपारी माणिकपूरच्या ऑफिसातून रिक्षा करून वसईला निघाली होती. तरीही रिक्षावाल्याने वळून "कुठे उतरायचं?" म्हणून विचारलं, तेव्हा ती अशी काही दचकली, की त्या बिचाऱ्यानेच "सॉरी मॅडम" म्हटलं.

दुकानांच्या, दवाखान्यांच्या ॲपमध्ये खाली कोपऱ्यात एक गोल बटण असतं. दाबलं की "काय मदत हवी?" विचारणारी गप्पांची खिडकी उघडते. ती खिडकी बनवायचं तयार किट ॲनिशाची कंपनी विकायची. किटचा बराचसा भाग एकट्या फ्लॉईडने लिहिलेला. पलीकडचा माणूस टाइप करू लागला, की त्याच्या नावाखाली नाचतात ते तीन ठिपकेसुद्धा त्याचेच. नवीन काही लिहिलं, की ते तो आधी आईच्या, म्हणजे याच पॉलिन आंटीच्या, फोनवर तपासायचा. ऑफिसातून विचारायचा, "ममा, जेवायला काय?" ममा बोट अडखळत लिहायची, "बोंबील."

गेल्या पावसाळ्यात तो मित्रांबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेला. पाणी अचानक वाढलं. बाकीचे वर आले, तो आला नाही. शोध घेणाऱ्यांनाही सापडला नाही. त्याची जागा ॲनिशाला मिळाली. कोडमधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं, की ती कोणी लिहिली त्याचं नाव बाजूला उमटायचं. दिवसभर फ्लॉईड, फ्लॉईड, फ्लॉईड. संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती घरी पळायची.

मागच्या आठवड्यात फ्लॉईडचे वडील, आलोशियस अंकल, ऑफिसात आले होते. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. शब्द मोजून बोलणारा.

"बाय, तुझ्या हातातली गोष्ट आहे म्हणून आलो. हिच्या फोनवर ते ठिपके अजून नाचतात. ही त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवू देत नाही. म्हणते, पोरगा लिहितोय आणि तुम्ही त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना कसली करता? जेवत नाही. झोपत नाही. फोन हातातून सुटत नाही. एक गेला. आता ही पण जाईल माझी."

ॲनिशाने सगळं उपसून पाहिलं. फ्लॉईडचं खातं केव्हाच बंद केलेलं. तरी "मी लिहितोय" हा सिग्नल त्या एका फोनकडे येतच होता. कुठून, ते दिसत नव्हतं.

"सिग्नल शोधतेस कशाला?" शेजारचा सुमेध म्हणाला. "त्या फोनवर ठिपके दाखवूच नको. आंटींना दिसले नाहीत की विषय संपला."

"ही काय दुरुस्ती झाली?"

"मग भुताला सांग, तक्रार नोंदव म्हणून. चोवीस तासांत उत्तर देऊ."

शेवटी तिने ठिपके झाकलेच. फ्लॉईडच्या ओळीवर आपली ओळ बसवली. बाजूचं त्याचं नाव जाऊन तिचं आलं, आणि तिला उगाचच वाटलं, की कुणाच्या तरी तोंडावर आपण हात दाबलाय.

वाडीतलं घर जुनं नव्हतं, पण केळींच्या गर्द सावलीत भर दुपारीही आत ट्यूबलाइट लागत होती. ओल्या पानांचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास साऱ्या घरात भरून राहिला होता. पॉलिन आंटी टेबलाशी बसल्या होत्या. हाडं आणि डोळे, एवढंच काय ते उरलेलं.

"तू त्याच्याच खुर्चीवर बसतेस ना?"

"हो… म्हणजे, खुर्ची बदललीय आता."

"बरं झालं. तिचं चाक मोडकं होतं, रोज बोंबलायचा."

त्यांनी फोन पुढे केला. "फ्लॉईड लिहीत आहे…" आणि खाली तीन ठिपके. वर-खाली, वर-खाली, सावकाश. ॲनिशाने जमेल तितकं न बघता जुनं ॲप काढलं, नवं घातलं, खिडकी उघडली.

ठिपके नव्हते.

आंटी कितीतरी वेळ बघत राहिल्या. "थांबला…"

"आंटी, मशीनमधला दोष होता तो. आता नीट झालं."

"खोटं बोलताना कानापर्यंत लाल होतेस गं," आंटी म्हणाल्या. रागाने नव्हे. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ठेवा मिस्सा."

आलोशियस अंकल बाहेरच्या ओट्यावर गेले आणि फादरना फोन लावून हलक्या आवाजात बोलू लागले.

सुटलो, असं ॲनिशाला वाटलं. सवयीने तिने बॅगेतला लॅपटॉप मांडीवर उघडून एकदा पाहिला. सिग्नल अजून येत होता. यायचाच, तिने तो नुसता झाकला होता. ती लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात तो थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

पलीकडचा माणूस लिहायचा थांबतो, तो एक तर नाद सोडला म्हणून… नाहीतर लिहून झालं म्हणून.

आंटीच्या हातातला फोन टिंग वाजला.

खिडकीत एकच ओळ होती.

"ममा, पाणी फार गार आहे."

बंद खात्यातून मेसेज येऊ शकत नाही, येऊच शकत नाही, एवढं एकच वाक्य ॲनिशाच्या डोक्यात फिरत होतं. आंटींनी ती ओळ पुन्हा वाचली. रडल्या नाहीत. फोन टेबलावर उलटा ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गॅसवर मोठं तपेलं चढवलं.

"आंटी… काय करताय?"

"गारठला असेल," त्या म्हणाल्या.

बाहेर अंकल म्हणत होते, "रविवारची पहिली मिस्सा चालेल, फादर. नाव? फ्लॉईड आलो…"

आणि मध्येच गप्प झाले.

मागच्या न्हाणीतून आवाज येत होता. कुणीतरी तांब्या बुडवून अंगावर पाणी ओतत होतं. ओतायचं, थांबायचं, दमून श्वास घ्यायचं. पुन्हा ओतायचं. आंटी गॅसपाशी होत्या. अंकल दारात. ॲनिशाने भिंत घट्ट धरली होती. घरात चौथं माणूस नव्हतं.

"फादर, मी नंतर करतो," अंकल पुटपुटले.

"अंकल, जाऊ नका… प्लीज."

त्यांनी ऐकलं नाही. ज्या माणसाने वर्षभर बायकोला पोरगा गेला म्हणून समजावलं होतं, त्याने दोरीवरचा टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि न्हाणीशी जाऊन उभा राहिला. दार किंचित किलकिलं होतं. आत अंधार. पाण्याचा आवाज थांबला. अंकलनी मान दुसरीकडे वळवली, मोठ्या मुलाच्या अंघोळीच्या वेळी बाप वळवतो तशी, आणि टॉवेल धरलेला हात फटीतून आत घातला.

गॅसवरच्या पाण्याला अजून वाफही धरली नव्हती.

हात परत आला तेव्हा रिकामा होता, आणि मनगटापर्यंत ओला.