हार्मायोकीवरचं रिकामं लाइफ जॅकेट

रविवारी सकाळी सव्वादहाला फौजदार केर्त्तू रुओकोनेनचा फोन वाजला. पलीकडे इल्पो सारेल्मा होता.

"हेइमो बुडाला," तो म्हणाला. "मी पुलाखालच्या धक्क्यावर आहे. लवकर या. आणि त्या म्हातारीला आधी ताब्यात घ्या."

इल्पो सारेल्मा म्हणजे आमच्या गावच्या जीवरक्षक मंडळाचा अध्यक्ष. एकतीस वर्षांपूर्वी त्याने एका पोराला आमच्या हार्मायोकी नदीतून बाहेर काढलं, त्याचा बिल्ला तो टोपीला लावून फिरायचा. उन्हाळी टोपी वेगळी, हिवाळी वेगळी, बिल्ला तोच. किराणा घ्यायला आला तरी लावून यायचा. गावात कुणी पोहायला शिकलं की हा भाषण ठोकायचा. असा हा टेंभा मिरवणारा गृहस्थ.

म्हातारी म्हणजे तोइनी हाक्कारायनेन. पुलाखाली तिच्या बारा कनू आहेत, हलक्या, निमुळत्या होड्या, त्या ती भाड्याने देते. केर्त्तू पोचली तेव्हा तोइनी धक्क्यावर उभी होती आणि हातातलं नारिंगी लाइफ जॅकेट उलटंसुलटं करून बघत होती.

"बक्कल तुटलंय बघा," इल्पो ओरडला. "नदीतल्या भोवऱ्याच्या खालच्या अंगाला हेइमोची कनू पालथी सापडली, हे तिच्यातच अडकलेलं. अंगात राहिलंच नाही बिचाऱ्याच्या! नवरा दारू पिऊन होडी बुडवतो, बायको तुटकी जॅकेटं देते. या घराण्याने आणखी किती माणसं खायची?"

पुलावर माणसं जमली होती. त्यांनी ऐकलं. एकदोघांनी माना डोलावल्या. तोइनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"शुक्रवारी मी स्वतः बक्कलं ओढून बघितली," ती हळू आवाजात केर्त्तूला म्हणाली. "बाराच्या बारा. तेव्हा हे धड होतं. पण माझं कोण ऐकणार? आर्वोच्या वेळीही मी हेच सांगत होते. तो थेंबभरही प्यायला नव्हता गं."

आर्वो तिचा नवरा. एकतीस वर्षांपूर्वी त्याच भोवऱ्यात त्याची होडी उलटली. होडीत इल्पो होता आणि शेजारचं सहा वर्षांचं पोर होतं. इल्पो पोराला घेऊन बाहेर आला, आर्वो आला नाही. इल्पो म्हणाला, वल्हवणारा झिंगलेला होता. काठावर हाच हेइमो कुइत्तिला मासे धरत होता. तो म्हणाला, मला काही दिसलं नाही. झालं. एकाला बिल्ला मिळाला आणि दुसऱ्याची विधवा दारुड्याची बायको झाली. आता जॅकेटचा दोष ठरला असता तर तिच्या दारात कुणी कुत्रंही फिरकलं नसतं, वर खटला चालला असता तो वेगळाच.

केर्त्तूने वही काढली. ही बाई अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, आणि समोरचा बोलत असताना जांभई देणारी. पुष्कळांना वाटतं तिचं लक्ष नाही. वाटू दे.

"पहिल्यापासून सांगा," ती इल्पोला म्हणाली.

"काल दुपारी दोघं निघालो, वेगवेगळ्या कनूत. रात्री कुर्किनिएमीच्या निवाऱ्यात मुक्काम. दरवर्षीचा रिवाज आमचा."

"निवारा कसा होता?"

"उकिरडा! आधीचे लोक म्हणजे रानटी. चुलीपाशी एक ढलपी ठेवली नव्हती. मला घाम गाळून फोडाव्या लागल्या, तेव्हा कुठे कॉफी झाली. सगळ्या जाळल्या, रात्र गारठ्याची होती."

"हेइमोने मदत नाही केली?"

"त्याच्याकडे कुऱ्हाड कुठे? आणि माझ्या कुऱ्हाडीला मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही. उशाशी घेऊन झोपतो. धार बघा एकदा."

"बघेन. सकाळी?"

"सातला जाग आली. हेइमो नाही, त्याची कनू नाही. माझ्या काळजात धस्स झालं. अंथरूण-पांघरूण कनूत कोंबलं आणि तसाच निघालो. तोंडसुद्धा धुतलं नाही! भोवऱ्याखाली त्याची कनू दिसली. तासभर हाका मारल्या, मग इथे आलो."

"म्हणजे उठल्यावर निवाऱ्यात थांबलातच नाही?"

"जीवरक्षक मंडळाचा अध्यक्ष आहे मी, बाई. आमच्याकडे सेकंद मोजतात."

केर्त्तूने जांभई दिली. "आणि त्या बादलीत काय आहे?"

इल्पोच्या कनूत सामानाच्या आड झाकणाची पांढरी बादली होती.

"हिल्ला आहे. काल वाटेत वेचली, नदीकाठीच. त्याचा काय संबंध?"

हिल्ला म्हणजे आमच्याकडे सोनं. पिवळीजर्द, लोण्यासारखी मऊ फळं. जुलैत पंधरा दिवस मिळतात, तीही डासांना रक्त पाजून. केर्त्तूने झाकण उघडलं. फळं अखंड होती, एकेक दाणा वेगळा. तिने बादली तिरकी केली, तळाशी बघितलं आणि झाकण लावून टाकलं.

"संबंध काही नाही. मला आवडते," ती म्हणाली.

अग्निशमन दलाच्या दोन होड्या भोवऱ्याखाली गळ टाकून शोधत होत्या. केर्त्तू जंगलातल्या रस्त्याने जीपमधून कुर्किनिएमीला गेली. वीस मिनिटांचा रस्ता. उंच, कोरडं टेकाड, सगळी पाइनची झाडं, पायाखाली वाळलेलं शेवाळ कुरकुरत होतं. निवारा तीन बाजूंनी बंद, पुढून उघडा. समोर चूल होती. तिने राखेत हात घातला. राख गार होती, पाणी ओतून विझवलेली. फळ्या झाडलेल्या, केरसुणी खुंटीला. आणि भिंतीशी ढलप्यांचा ढीग होता, पांढराशुभ्र, पेटवायच्या ओंजळभर सालीसकट, नीट रचलेला.

तिने एक ढलपी नाकाशी धरली. ताज्या डिंकाचा वास आला.

"वा रे संस्कार," ती म्हणाली आणि जीपकडे वळली.

धक्क्यावर येताच तिने तोइनीला बाजूला घेतलं आणि कानात एक प्रश्न विचारला. तोइनी लालबुंद झाली.

"हे विचारतात होय कुणाला? मी माझ्या लेकीलासुद्धा सांगितलं नाही!"

"आज विचारतात. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तोइनी."

तोइनीने इकडेतिकडे बघितलं आणि केर्त्तूच्या कानाला लागली. मग केर्त्तूने अग्निशमन दलाच्या दोघांना हाक मारली, दोर आणि फळ्या घ्यायला सांगितल्या आणि तोइनीसकट जीपमध्ये बसवलं. जीप नदीच्या वरच्या अंगाला निघाली.

इल्पो ताडकन उठला. "अहो, तिकडे कुठे? कनू खाली सापडली! प्रेत वर वाहत जातं का?"

"प्रेत नाही जात," केर्त्तू म्हणाली. "बसा. तुम्ही आज सकाळी तोंड धुतलं नाही म्हणालात, पण घर मात्र झाडलंत. निवाऱ्यात ढलप्यांचा ढीग आहे."

"मग? कालच्या असतील."

"काल एकही नव्हती, तुम्हीच शिव्या घातल्यात. फोडलेल्या सगळ्या जाळल्यात, हेही तुम्हीच सांगितलंत. तिथे कुऱ्हाड एकच होती आणि ती तुमच्या उशाशी. मग आज सकाळी त्या कुणी फोडल्या? अस्वलाने?"

पुलावर कुणीतरी फिसकन हसलं.

"सवय असते माणसाला," इल्पो पुटपुटला. "हात आपोआप चालतो."

"तेच म्हणते मी. पुढच्या वाटसरूसाठी ढलप्या फोडल्याशिवाय निवारा सोडायचा नाही, हे आपल्याला आईच्या दुधातून मिळतं. म्हणून तर आधीच्या लोकांना रानटी म्हणालात. पण ज्याचा सोबती नाहीसा झालाय आणि ज्याच्या काळजात धस्स झालंय, तो ढलप्या फोडत बसत नाही. राखेवर पाणी ओतून केरसुणी खुंटीला लावत नाही. अर्धा तास लागतो त्याला. सेकंद मोजणाऱ्या माणसाला अर्धा तास घाई नव्हती. का? कारण हेइमो कुठे आहे हे त्याला माहीत होतं."

"हे सगळं हवेतलं आहे."

"बरं, मग जमिनीवरचं बघू. काल दुपारी वेचलेली पिकली हिल्ला रात्रभर बादलीत राहिली तर सकाळी तळाशी बोटभर रस साचतो. पोरांनाही ठाऊक असतं. तुमची बादली कोरडी आहे. ती आज सकाळी वेचली. कुर्किनिएमीच्या कोरड्या टेकाडावर हिल्ला उगवत नाही, तिला दलदल लागते. म्हणजे सकाळी तुम्ही दलदलीत होतात आणि ते माझ्यापासून लपवलंत. जवळ हिल्लाची दलदल कोणती, ते मी तोइनीला विचारलं. आपली वेचायची जागा इथे कुणी कुणाला सांगत नाही, पण बिचारीला सांगावी लागली. पित्का दलदल, निवाऱ्यापासून दोन किलोमीटर वर."

इल्पोने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"सकाळी दोघंही तिथे गेलात. हेइमो फसला. तुम्ही त्याला तिथेच सोडलंत, त्याची कनू ओढत आणलीत, निवारा आवरलात, मग कनू भोवऱ्यात सोडून दिलीत. बक्कल दगडाने तोडलंत, म्हणजे दोष म्हाताऱ्या बाईवर. आणि एवढं सगळं करूनसुद्धा बादली टाकून देववली नाही! माणूस टाकला, फळं आणली. ज्याला कधी बघणारही नाही अशा वाटसरूसाठी ढलप्या फोडल्या, आणि ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं कॉफी प्यायलात त्याला हात दिला नाही. थू तुमच्या जीवरक्षणावर!"

"मी त्याला ढकललं नाही," इल्पो एकदम म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "त्याचा पाय त्यानेच घातला. मी... मी जवळ गेलो असतो तर मीही फसलो असतो. नियमच आहे तसा, आधी स्वतःचा जीव."

"काठी दिलीत?"

इल्पोने टोपीवरचा बिल्ला चाचपला.

"मदतीला फोन? फोन खिशात होता ना?"

"तो आता नसेलच," इल्पो म्हणाला. "इतक्या वेळात."

केर्त्तूचा वायरलेस खरखरला. तिने तो कानाशी नेला, ऐकलं आणि मोठा श्वास सोडला.

"आहे," ती म्हणाली. "मांडीपर्यंत चिखलात, घोटा मोडलेला, एका खुरट्या झाडाला मिठी मारून. थंडीने बोबडी वळलीय, पण बोलतोय. खूपच बोलतोय म्हणे."

इल्पो मटकन फळीवर बसला. त्या खूप बोलण्यात काय असणार, ते धक्क्यावर त्या घडीला त्याला एकट्यालाच कळलं होतं.

अर्ध्या तासाने जीप आली. पाठोपाठ रुग्णवाहिकाही उतारावर येऊन थांबली. हेइमोला स्ट्रेचरवर घेतलं. तो चिखलाने माखला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. तोइनी कंबरेपर्यंत भिजली होती. दलदलीत पालथं झोपून फळ्यांवरून त्याच्यापर्यंत सरकणारी पहिली तीच, असं अग्निशमनवाले सांगत होते.

"काल चुलीपाशी मी त्याला म्हणालो, आता खरं सांगून टाकतो," हेइमो केर्त्तूला म्हणाला. दात वाजत होते. "डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय माझं. मनावर ओझं घेऊन मरायचं नव्हतं. त्या दिवशी इल्पो होडीत उभा राहिला, म्हणून ती उलटली. पोराला आर्वोने धरलं. खडकावर बसलेल्या इल्पोच्या हातात दिलं. मग आर्वोने हात पुढे केला आणि इल्पोने... इल्पो मागे सरकला. मी काठावरून सगळं बघितलं."

"आणि सांगितलं नाहीत."

"भीती वाटली. मग उशीर झाला. मग आणखी उशीर झाला." त्याने तोइनीकडे मान वळवली. "तोइनी, मला माफ कर."

तोइनी स्ट्रेचरजवळ आली.

"दर जुलैला माझ्याकडे कनू घ्यायला यायचास," ती म्हणाली. "माझ्या पायरीवर बसून माझी कॉफी प्यायचास. साखर दोन खडे. दारुड्याची पोर म्हणून माझ्या लेकीचं लग्न मोडलं, तेव्हाही आला होतास तू. म्हणालास, हवा छान आहे."

"मी—"

"बाहेर काढलं म्हणून माफ केलं असं समजू नकोस. तिथे कुत्रं फसलं असतं तरी मी काढलं असतं."

तिने इल्पोकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला गाडीत बसवत होते, तो काहीतरी नियम सांगत होता. ती सरळ केर्त्तूसमोर येऊन उभी राहिली.

"वही काढ."

"तोइनी, आधी कपडे बदल. जबाब काय, उद्याही—"

"आत्ता. लिही. आर्वो हाक्कारायनेन. प्यायलेला नव्हता. पोराला त्याने काढलं."

केर्त्तूने उभ्या उभ्या लिहिलं. या खेपेला तिने जांभई दिली नाही.

"वाच."

केर्त्तूने वाचलं.

तोइनीने मान वर करून पुलावरच्या माणसांकडे बघितलं. सकाळी माना डोलावणारे दोघं कठड्यापासून मागे सरकत होते.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "त्यांना ऐकू गेलं नाही."

केर्त्तूने पुन्हा वाचलं, चौकीत हजेरी घेतात तेवढ्या मोठ्या आवाजात.