परतीच्या पेशी

सांगलीच्या मनोविकार केंद्राचं फाटक उघडायच्या बरंच आधी माणसं बाहेर येऊन उभी राहत. कुणाच्या हातात घरची फुलं असत, कुणाच्या पिशवीत आतल्या लोकांसाठी केलेली थालीपीठं. कंटाळलेला चेहरा एकही नसे. हृषीकेश चौगुले पहिल्यांदा बायकोला घेऊन आला, तेव्हा आज इथे काही सण असावा असंच त्याला वाटलं. स्टेशनवर आपल्या माणसाची गाडी येण्याची वाट बघणाऱ्यांचे असतात, तसे ते चेहरे होते.

हे दृश्य नवं होतं. त्याआधी कित्येक दशकं मनाच्या आजारांवरची औषधं सुधारत गेली, समुपदेशन सुधारत गेलं, आणि रुग्ण मात्र येईनासे होत गेले. दोनतीन भेटी व्हायच्या, मग खुर्ची रिकामी. डॉक्टरांनी फोन करून पाहिले, घरी माणसं पाठवली, बोलणारी यंत्रं रुग्णांच्या उशाशी ठेवली. उपयोग झाला नाही. पाय मोडलेला माणूस लंगडत का होईना दवाखान्यात पोचतो. ज्याची इच्छाच मोडली आहे त्याने कोणत्या इच्छेने तिथवर जायचं?

केतकीचं तसंच झालं होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची. मुलगी ईरा झाल्यानंतर पहिल्यांदा तिला नैराश्याने गाठलं आणि मग ते दर काही वर्षांनी येतच राहिलं. प्रत्येक वेळी उपचार सुरू व्हायचे, प्रत्येक वेळी ती मध्येच सोडून द्यायची. शेवटच्या खेपेला ती एका पहाटे घाट उतरून नदीत गेली. मासे धरणाऱ्या लोकांनी तिला बाहेर काढलं. ईरा तोवर लग्न होऊन दूर गेली होती. हृषीकेश गणपती पेठेतलं आपलं चष्म्याचं दुकान कसंबसं चालवत होता. दुकानातला फोन वाजला की गिऱ्हाइकाला तसंच सोडून तो धावायचा.

केंद्राच्या प्रमुख डॉ. रेहाना मुजावर. त्यांनी दोघांना समोर बसवून सावकाश समजावलं.

"आपलं माणूस दूर गेलं की आपल्याला चुकल्यासारखं होतं, आणि त्याच्याकडे निघालो की पाय आपोआप भरभर पडतात. हे होतं कशामुळे? मेंदूत खोलवर पेशींचे काही पुंजके असतात. एकेक पुंजका एकेका माणसाशी जोडलेला. त्या माणसाच्या दिशेने जाताना त्या पेशी चेतवल्या जातात. आम्ही त्यांना परतीच्या पेशी म्हणतो."

"आणि त्यांचं तुम्ही काय करणार?" हृषीकेशने विचारलं.

"डोक्यावर टोपीसारखं एक यंत्र बसवतो. त्यातून ध्वनिलहरी जातात. केतकीताई इथे येऊन बसतील, बोलतील, तेव्हाच त्या लहरी काही पेशींना चेतवतील. असं पुष्कळदा झालं, की त्या पेशी या जागेशी जोडल्या जातात. याला आम्ही 'वळण' म्हणतो. ओढ त्यांचीच, फक्त तिचं तोंड इकडे वळवायचं."

"म्हणजे तिला इकडे आणायला नको?"

"त्या आपणहून येतील. तुम्ही थांबवू गेलात तरी थांबणार नाहीत."

"आणि ज्यांच्याकडून त्या पेशी घेतल्या, त्यांचं काय?"

डॉक्टर हसल्या. "माणसाला अशा पेशी भरपूर असतात. मुलं, भावंडं, मैत्रिणी, माहेर. सगळीकडून चिमूट चिमूट घेतली तर कुणाला कळतही नाही."

हृषीकेशने केतकीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

वळण दिल्यावर पहिल्या पंधरवड्यातच फरक दिसला. एका सकाळी ती स्वतः उठली, अंघोळ केली, साडी नेसली आणि दारात जाऊन उभी राहिली. "चल ना, उशीर होतोय." किती वर्षांनी तिच्या तोंडून हे वाक्य आलं होतं. दुकान बंद ठेवून तो तिला घेऊन गेला, आणि येताना रिक्षात तोंड फिरवून रडला.

केंद्रात गेल्यावाचून तिला चैन पडेना, त्यामुळे औषधं चुकली नाहीत, समुपदेशन चुकलं नाही. जुने उपचारच, पण आता ते लागू पडत होते. ती जेवायला लागली. ओट्यापाशी गुणगुणायला लागली. तिने शाळेत परत जाऊन मुलांना वाऱ्यांच्या दिशा शिकवल्या. शेजारपाजारचे हृषीकेशला थांबवून म्हणत, "वहिनी किती छान दिसतात हो आता." तो मान डोलवायचा. त्याहून जास्त सुख त्याला नको होतं.

मग तो काचांच्या खरेदीसाठी बेळगावला गेला. पावसाने रस्ता अडल्यामुळे ठरल्यापेक्षा चार दिवस जास्त लागले. तिचा फोन आला नाही. परत आला तेव्हा तिने दार उघडलं आणि क्षणभर थांबून म्हणाली, "अरे हो, तू गेला होतास ना?"

रागावण्यासारखं काही नव्हतं. तिने चहा केला, प्रवासाचं विचारलं, ऊन ऊन आमटीभात वाढला. तरी तो अर्ध्या ताटावरून उठला.

त्यानंतर तिच्या वागण्याकडे त्याचं लक्ष जायला लागलं. तो घरी असला काय, नसला काय, तिला सारखंच होतं. ईराशी बोलताना त्याने सहज विषय काढला, तर ती म्हणाली, "बाबा, आई बोलते छान. पण ती आपणहून फोन करत नाही. आजारी होती तेव्हा तुम्ही गावाला गेलात, की तुम्ही पोचलात का एवढंच विचारायला करायची. आता तेही नाही."

हृषीकेश एकटाच डॉक्टरांकडे गेला. डॉ. मुजावरांनी केतकीच्या मेंदूची जुनी चित्रं पडद्यावर काढली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"आजार फार जुना होता," अखेर त्या म्हणाल्या. "इतका जुना झाला की परतीच्या पेशी सुकत जातात. मैत्रिणींच्या, माहेरच्या, मुलीच्यासुद्धा. केतकीताईंच्या मेंदूत एकच पुंजका जिवंत राहिला होता. यंत्राला नावं कळत नाहीत. जिवंत पेशी दिसल्या, त्या त्याने वळवल्या."

"कुणाचा होता तो पुंजका?"

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तुमचा."

बाहेरच्या ओसरीवर कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"त्या वाचल्या त्या तुमच्यावरच्या ओढीने," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं काही धरायला उरलंच नव्हतं. आम्ही तीच ओढ धरली आणि इकडे वळवली."

"तुम्हाला हे आधी कळायला हवं होतं."

"हवं होतं. पेशंट येतो का, एवढंच आम्ही पाहिलं. तो कुणाला सोडून येतोय हे पाहिलं नाही."

"परत वळवता येईल?"

"येईल, पण आता लवकर. पेशी एकदा इथे घट्ट झाल्या की नाही येणार. आणि परत वळवल्या तर केतकीताई इथे यायच्या थांबतील. मग तुम्हाला माहीतच आहे."

हृषीकेशने हे केतकीपासून लपवलं नाही. ती ओट्याशी मसाला भरायला वांगी चिरत होती. सगळं ऐकून तिने सुरी बाजूला सारली.

"मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "लग्न आठवतं, आपलं पहिलं भाड्याचं घर आठवतं. पण आठवून आत काही होत नाही. दुसऱ्या कुणाचे फोटो बघावेत तसं वाटतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"परत वळवून घ्यायचं का?"

"तुझं होतं ते तुला मिळायला हवं. तू म्हणालास तर मी घेईन." ती हे अगदी सरळपणे बोलली. मग तिने ओले हात पदराला पुसले आणि पुसतच राहिली. "फक्त त्या आतल्या खोलीची भीती वाटते रे. त्या खोलीत पडून राहायचे ना मी. दिवस उजाडला की वाटायचं, कशाला उजाडला."

आजारी केतकी त्याची होती. ती परत यावी असं त्याला अगदी आतून वाटत होतं, आणि तसं वाटण्याची त्याला लाजही वाटत होती.

"नको," तो म्हणाला. "राहू दे आहे तसं."

तिने इतका मोकळा श्वास सोडला, की त्याला तो ऐकवला नाही. तो उगीचच वांग्यांचं ताट उचलून दुसरीकडे ठेवत राहिला.

पुढे ती केंद्राजवळ राहायला गेली. वळण दिलेली पुष्कळ माणसं तशी जात. केंद्राच्या भोवती त्यांची एक वस्तीच झाली होती, गावातले लोक तिला वळणवाडी म्हणत. घरं छोटी, अंगणं स्वच्छ, माणसं समाधानी. त्यांना भेटायला येणारे नातेवाईक मात्र फाटकाशी येऊन जरा घुटमळत.

डॉ. मुजावरांना हृषीकेशची तब्येत बघवत नव्हती. एकदा त्यांनी चाचरत सुचवलं, "तुमच्याही पेशींना वळण देता येईल. त्रास थांबेल तुमचा."

"मग तिच्याकडे कोण येणार?" तो म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तो दर रविवारी जायचा. मध्ये तापाने अंथरूण धरल्यामुळे त्याचे काही रविवार चुकले. नंतर तो गेला तेव्हा केतकी आरशापुढे केस विंचरत होती. "या ना, बसा," ती म्हणाली, आणि जीभ चावून, "बस ना."

"बरेच दिवस आलो नव्हतो. आजारी होतो."

"हो का? माझ्या लक्षातच आलं नाही."

त्याचा चेहरा पाहून ती थबकली. कंगवा खाली ठेवून त्याच्यासमोर येऊन बसली. "एक विचारू? तेव्हा मी कशी वागायचे रे तुझ्याशी?"

हृषीकेशने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग सांगू लागला.

"सगळ्यात वाईट वर्ष होतं. तू उठत नव्हतीस, जेवत नव्हतीस, कुणाशी एक शब्द बोलत नव्हतीस. मी दुपारी जेवायला घरी यायचो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मला वाटायचं, मी आलो-गेलो तुला कळतच नसणार. पुढे समोरच्या कुलकर्णी काकूंनी सांगितलं. रोज दुपारी तू भिंत धरत धरत खिडकीशी यायचीस. स्टुलावर बसून गल्लीच्या टोकाकडे बघत राहायचीस. माझी स्कूटर दिसली की पुन्हा जाऊन पडायचीस. दिवसभरात तेवढं एकच तू करायचीस."

केतकी गालावर हात ठेवून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्याचं दुःख ऐकूनही चांगल्या माणसाच्या डोळ्यांत येतं, तसं.

केंद्राची वेळ झाली होती. ती उठली, पायांत चपला सरकवल्या. दारात पोचल्यावर तिला काहीतरी वाटलं. ती वळली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाली,

"फार जीव होता रे तिचा तुझ्यावर."